बॅटरी तळाला असलेला रेड डॉट: आठ महिन्यांचा अनुभव

परवा शनिवारी वखारीत गेलो, पिस्तूल उचललं, वरच्या रेड डॉटच्या, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटच्या, काचेतून बघितलं तर ठिपकाच नाही. बटण फिरवत शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं, तरी नाही. मागच्या शनिवारी बंद करायचा राहिला होता, आठवडाभर आतल्या आत पेटत बसला आणि बॅटरी संपली. आठ महिन्यांत ही चौथी. त्याच तिरीमिरीत लिहायला बसलोय, तेव्हा सूर चढा लागला तर सांभाळून घ्या.

पिस्तूल साधं एअर पिस्तूल. .१७७ इंची छर्ऱ्याचं, स्प्रिंगचं, नळी मोडून छर्रा भरायचा. ताकद २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. जागा म्हणजे सांगलीत मार्केट यार्डाजवळची मेव्हण्यांची हळदीची जुनी वखार, जी आता निम्मी रिकामीच असते. भिंतीला लागून रद्दी ठासलेली लोखंडी पेटी, तिच्यावर टार्गेट आणि दहा मीटरवर खडूची रेघ. दाराला आतून कडी घालायची आणि दीड तास कोणाचा फोन घ्यायचा नाही.

रेड डॉट घेतला तो हौसेनं नाही, डोळ्यांमुळे. वय त्रेपन्न. एनसीसीत असताना उस्तादांनी घोकून घेतलं होतं, नजर फोरसाईटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साईटच्या, टिपेवर, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू दे. आता टार्गेट लख्ख आणि टिपच धूसर, केसाळ सुरवंटासारखी. आयर्न साईटचं, म्हणजे मागच्या खाचेत पुढची टिप बसवून नेम धरायचं, गणित इथेच बिघडतं. माझ्या पिस्तुलावर पुढच्या-मागच्या साईटमध्ये साधारण २५ सेंटिमीटर अंतर आहे. टिप खाचेत एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली, तरी दहा मीटरवर छर्रा चाळीस पट, म्हणजे चार सेंटिमीटर सरकतो. टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. मधोमध धरून मारलात तरी छर्रा काळ्याच्या बाहेर.

रेड डॉटमध्ये हे जुळवाजुळवीचं लफडंच नाही. आतला एलईडी काचेवर पडतो, काच तो डोळ्याकडे परत पाठवते, आणि ठिपका लांब टार्गेटवरच असल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर. ही युक्ती स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ मध्ये बाजारात आणली. माझा अर्थात तो नाही. माझा ऑनलाइन, तीन हजार चारशेचा.

पहिला आठवडा ठिपका शोधण्यात गेला. पिस्तूल उचलायचं आणि काच रिकामी. मग मनगट वर-खाली करत बसायचं, टीव्हीचा अँटेना फिरवल्यासारखं. ते जमल्यावर दुसरा धक्का, ठिपका हलतो! मला वाटलं साईट धरणारा माउंट ढिला आहे. हलत होता माझा हात, तो आधीपासूनच हलत होता, आयर्न साईटनं कधी चुगली केली नव्हती एवढंच.

घेताना आणखी एक बघायला हवं होतं. माझा ठिपका ४ एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग). दहा मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ मिलिमीटर, म्हणजे ठिपका झाला ११.६. आणि टार्गेटवरचा दहाचा गोल आहे ११.५ चा! ज्याला नेम लावायचा तेच ठिपक्यानं झाकलं. डबे पाडायला याची अडचण नाही. कागदावर मारणाऱ्यानं २ एमओएचा बघावा.

आता बॅटरी. साधी नाण्याएवढी सीआर-२०३२, सहज मिळते. पण ती बसवायची जागा साईटच्या पोटाखाली! म्हणजे बॅटरी बदलायची तर अख्खा साईट पिस्तुलावरून उतरवा, तळाचं झाकण काढा, बॅटरी घाला, पुन्हा चढवा, ॲलन कीनं आवळा. आणि परत चढवलेला साईट आधीच्या जागी बसेल तर शपथ. दर वेळी झिरो, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी पडण्याचं जुळवलेलं गणित, गेला. दर वेळी तीसेक छर्रे नुसते जागेवर आणण्यात. जुळवायच्या स्क्रूच्या एका क्लिकला ठिपका दहा मीटरवर जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो, पाच सेंटिमीटर सरकवायला सतरा क्लिक मोजा. तीन वेळा बदलण्याचे नव्वद छर्रे, पाचशेच्या डब्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि टार्गेटवर दाखवायला काही नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं स्वतः कधी बॅटरी बदलली नसणार. टीव्हीच्या रिमोटला जे सुचलं ते इथे सुचलं नाही! एमपॉइंटच्या मायक्रो मॉडेलची बॅटरी बाजूच्या टोपणातून निघते, झिरोला धक्काही लागत नाही. किंमत ऐकून मात्र आपल्यालाच धक्का लागतो.

तिसऱ्या वेळी एका स्क्रूचं डोकं गोल झालं, ॲलन की नुसतीच फिरायला लागली. विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "सर, आपने ज्यादा टाइट किया होगा." म्हटलं, बाबा रे, स्प्रिंगचं पिस्तूल मागेपुढे दोन्हीकडे झटका देतं, आवळलं नाही तर माउंट पिस्तुलावरच्या रेलवरून सरकत जातो, मग करू काय? त्यावर "मिसयूज वॉरंटीत येत नाही" हे तीनदा ऐकवलं. शेवटी गणपती पेठेतल्या हार्डवेअरवाल्यानं दहा रुपयांत दोन स्क्रू दिले, वर "साहेब, वायसर पण टाका" म्हणून सल्ला फुकट.

इथपर्यंत वाचून वाटेल की साईट भंगार आहे. मलाही वाटत होतं, आणि बॅटरीपेक्षा मोठी तक्रार तर वेगळीच होती. ठिपका गोल नव्हताच. खाली शेपूट असलेला, स्वल्पविरामासारखा. ब्राइटनेस वाढवला की फुटलेली चांदणी. यावरून विकणाऱ्याशी दोन ईमेल झाले, त्यात मी 'फसवणूक' हा शब्दही वापरला.

मग भाची वखारीत आली. ती दहा मीटर एअर पिस्तूल रीतसर शिकते. काचेतून बघून म्हणाली, "मामा, गोल तर आहे." वाद नको म्हणून तिनं मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका कुंकवाच्या टिकलीसारखा गोल. "मोबाइलला गोल दिसतो म्हणजे भानगड तुमच्या डोळ्यांत आहे, मिरजेला दाखवून या."

मिरजेत डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला सव्वाचा सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, काढला. मी वर्षानुवर्षं दुकानातला तयार वाचायचा चष्मा लावत होतो, त्यात सिलिंडर कुठला? मी पिस्तुलाचं सांगितल्यावर डॉक्टर हसले, म्हणाले, "काका, मग हाताच्या अंतराचाच वेगळा चष्मा करा ना." घरी येऊन शिंप्याच्या टेपनं डोळ्यापासून फोरसाईटपर्यंत मोजलं, ८१ सेंटिमीटर. त्यांनी लांबच्या नंबरात पाऊण प्लस घालून सिलिंडरसकट नंबर लिहून दिला. जुन्याच फ्रेममध्ये काचा बसवल्या, नऊशे रुपये. विकणाऱ्याला 'फसवणूक'बद्दल सॉरीचा ईमेल टाकला. स्क्रूबद्दल नाही टाकला.

नव्या चष्म्यानं ठिपका गोल दिसलाच. पण मला सुचलं की आता फोरसाईट कशी दिसते ते तरी बघू. माझ्या पिस्तुलावर दोन्ही एकत्र बसत नाहीत, डॉट चढवताना रिअर, म्हणजे मागची खाचेची साईट उतरवावी लागते. ती मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. काढली, चढवली, पिस्तूल उचललं. टिपेच्या कडा ब्लेडसारख्या! दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या दिसतात हे किती वर्षांनी बघितलं.

त्या दिवशी पाच-पाच छर्ऱ्यांचे सहा ग्रुप मारले; भोकं जितकी जवळ तितका ग्रुप लहान आणि चांगला. डॉटवर माझा सरासरी ग्रुप पाच सेंटिमीटरच्या आसपास असायचा, आयर्नवर चारच्या आत आला. श्रेय चष्म्याचं की डॉटनं आठ महिने हाताची थरथर दाखवून लावलेल्या शिस्तीचं, हे मला ठरवता येत नाही. दोन्हींचं असेल.

डॉटचं कौतुक एका जागी मनापासून. वखारीत एकच बल्ब आहे. संध्याकाळी पाचनंतर काळी टिप काळ्या गोलात बुडून जाते. तिथे डॉट राजा आहे, सर्वांत कमी ब्राइटनेसवर. दोरीवर डबे टांगून झटपट पाडायचे तरी तोच. पण तो उघडा असल्यामुळे हळदीची धूळ एलईडीच्या भोकावर बसते. एकदा ठिपक्याचे तीन ठिपके झाले. कापडानं काच पुसून फरक पडेना, शेवटी भाचीकडच्या, कान साफ करायच्या कापसाच्या बडनं आतून पिवळी भुकटी काढली.

स्पर्धेचा विचार असेल तर प्रश्नच मिटला. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात एअर पिस्तूलला फक्त ओपन, म्हणजे खाच-टिपेची साधी साईट चालते, डॉट लावून रेषेवर उभंच राहता येत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं ब्राँझ मारलं ते ओपन साईटवर, आणि खिशात हात घालून उभा राहिलेला तो तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, ज्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले, त्याचं सिल्व्हरही त्यावरच. भाचीनं हे मला घ्यायच्या आधी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, मला कुठे ऑलिंपिकला जायचंय.

चाळिशी उलटली असेल, टिप धूसर दिसत असेल, तर आधी नऊशे रुपयांचा चष्मा करा. त्यानंतरही डॉट हवाच असेल तर पहिली गोष्ट साईट उलटा करून बघा, बॅटरीचं झाकण तळाला असेल तर परत ठेवा. मला पाचपैकी अडीच द्यावेसे वाटतात. अर्धा त्या ठिपक्यानं डोळ्यांचा नंबर पकडून दिला म्हणून.

परवाची मेलेली बॅटरी अजून बदललेली नाही. डॉट काढून खोक्यात टाकला आणि रिअर साईट चढवून तासभर मारलं. आठ महिने डबीत होती, नेम धरून श्वास रोखायच्या आधी हिंगाचा वास येतो.