वाचनालयाचं अ‍ॅप करून घेतलं: पाचपैकी अडीच तारे

माझं वाचनालय आहे, सुमारे ३५० सभासदांचं. देवघेवीची वही फोनवर आणायची म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीला काम दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण उकरून काढायचं नाहीये, असंच काम कुणाला द्यायचं असेल तर त्याच्या कामी यावं एवढंच.

आधी चांगलं सांगते. माणसं फोन उचलतात. रंगसंगती डोळ्यांना त्रास देत नाही, आणि पुस्तकांचा शोध खरंच झकास आहे, शुद्धलेखन चुकलं तरी पुस्तक सापडतं. अडीच तारे त्याचेच.

डेमोला त्यांच्या ऑफिसात, त्यांच्याच वाय-फायवर, त्यांच्याच नव्याकोऱ्या फोनवर अ‍ॅप सरसर चाललं. मी खूश. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि तो बाहेर काढायचं मला सुचलं नाही, ही चूक माझी.

आमची पुस्तकांची कपाटं मागच्या खोलीत आहेत. तिथे रेंजची एक दांडी आली तरी नशीब. पहिल्याच आठवड्यात मदतनीस मुलीने ‘पुस्तक दिले’ दाबलं, चक्र फिरत राहिलं, तिने परत दाबलं, मग तिसऱ्यांदा. संध्याकाळी बघते तर एकाच सभासदाच्या नावावर एकच पुस्तक तीनदा, आणि शिल्लक प्रती उणे दोन! कंपनीचं उत्तर: “मॅडम, बटण एकदाच दाबायचं असतं.” पुढे दुसऱ्या एका जाणकाराने नीट समजावलं. नोंद सर्व्हरपर्यंत पोचते, पण ‘पोचली’ हा निरोप रेंजअभावी परत येत नाही, म्हणून अ‍ॅपला वाटतं काम झालंच नाही. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर सोडून देतो. आणि उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवायचं. खरं तर नोंद आधी फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर वर पाठवायला हवी होती. हे मागाहून जोडणं म्हणजे भिंत पाडून पाइप टाकण्यासारखं, असं तो म्हणाला.

दुसरा घोळ परवानग्यांचा. अ‍ॅप उघडल्या उघडल्या लोकेशन, कॉन्टॅक्ट, कॅमेरा, सगळं एका दमात मागायचं. पुस्तकं बदलायला लोकेशन कशाला? सभासदांनी सरळ ‘नाही’ दाबलं, मीही दाबलं असतं. पण पुस्तकामागचा बारकोड स्कॅन करायला कॅमेरा लागतो. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार दिला की फोन ती परवानगी पुन्हा विचारतच नाही, आयफोनवर तर एकदाच. मग स्कॅन दाबलं की नुसता काळा पडदा, ना सूचना, ना ‘सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या’ असं एक वाक्य. निम्मे लोक फोन बिघडला समजून माझ्याकडे यायचे. परवानगी त्या त्या कामाच्या वेळी, कारण सांगून मागायची, हे कळायला कंपनी चालवावी लागते का?

सभासद नोंदणीचा फॉर्म भरता भरता फोटो घ्यायला गॅलरीत गेलं की परत येईपर्यंत फॉर्म कोरा. कमी मेमरीच्या फोनवर मागे गेलेलं अ‍ॅप अँड्रॉइड बंद करून टाकतं, म्हणून भरलेलं जपून ठेवायचं असतं. कुणी जपलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मराठीचं. बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेली, त्यामुळे रफार आणि वेलांट्यांचे माथे छाटलेले, उकार खालून गायब. ‘पूर्ण’ चं ‘पण’ झालेलं मी रोज बघत होते. आमच्या ज्येष्ठ सभासदांनी फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. त्यांना ‘मुदत वाढवा’ हे बटण दिसायचंच नाही, पडद्याच्या खाली ढकललेलं. नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायची हौस होती, तर क्षितिजाच्या गोलात ‘क’ आणि श्रद्धाच्या गोलात ‘श’. आपल्याला ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं, पण संगणक त्यात चार चिन्हं मोजतो. लांबलचक पुस्तकांची नावंही अशीच मोजून कापलेली, कुठेकुठे जोडाक्षराच्या मधोमध, मागे लोंबता हलंत. चाचणीत सगळी नावं इंग्रजीच टाकली होती, हे त्यांनी नंतर हसत हसत सांगितलं.

आयफोनसाठी अ‍ॅप पाठवलं ते नाकारलं गेलं, कारण खातं उघडायची सोय होती, बंद करायची नव्हती. ३० जून २०२२ पासून अ‍ॅपलचा नियम आहे की अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते तिथूनच काढूनही टाकता आलं पाहिजे. रोज हेच काम करणाऱ्यांना हे माहीत नसावं?

एक मात्र सहीच्या आधी विचारून घ्या: प्ले स्टोअरवर अ‍ॅप कुणाच्या खात्यातून जाणार? माझं त्यांच्या खात्यातून गेलं. काम काढून घ्यायचं ठरवल्यावर अ‍ॅप माझ्या खात्यावर हलवायला पाच आठवडे लागले. हलवता येतं, डाउनलोड आणि तारेही बरोबर येतात, पण अर्ज ज्याचं खातं त्यालाच करावा लागतो, आणि त्याला घाई नसते.

आता दुरुस्ती त्या जाणकाराकडेच दिली आहे. पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. वाचनालयातला सगळ्यात जुना फोन मागितला, अक्षरं मोठी केली आणि मागच्या खोलीत जाऊन कपाटांमध्ये उभा राहिला.