पाण्याजवळचं सागवान: घासावं की क्लीनरने धुवावं?

बोटीच्या मागच्या स्विम प्लॅटफॉर्मचं (पाण्यात उतरण्या-चढण्याच्या फळीचं) सागवान उन्हाने राखाडी पडतं, पण तो रंग फक्त वरच्या थरात असतो; आतलं लाकूड बहुधा ठणठणीत असतं.

दोन भागांचं क्लीनर झटपट काम करतं. पहिला द्रव तीव्र अल्कली, तो मळ सोडवतो. दुसरा आम्ल, त्याने लाकूड पुन्हा सोनेरी होतं. पण अल्कली लाकडाच्या रेषांमधला मऊ भागही खाते. दरवर्षी हेच केलं तर पृष्ठभागावर खाचा पडतात आणि त्यांत मळ आणखी साचतो. ब्रश मऊ घ्या, रेषांना आडवा फिरवा. जेलकोट (फायबरच्या बोटीवरचा चकचकीत बाहेरचा थर) आणि अ‍ॅल्युमिनियम आधीच पाण्याने भिजवून ठेवा, हातमोजे व चष्मा घाला.

खाचा आधीच पडल्या असतील, तर मात्र सँडिंगच, म्हणजे सँडपेपरने घासणंच हवं. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात करून १२० वर थांबा. त्याहून गुळगुळीत केलं तर ओल्या पायांना धोका. लाकडाची जाडी मात्र कायमची कमी होते, म्हणून स्क्रूंवरच्या लाकडी बुचांची खोली आधी तपासा.

माझा कौल: एकदा नीट सँडिंग, नंतर केवळ सौम्य साबण.