रेडिओचा कार्यक्रम ग्रुपवर टाकताना: लिंक बरी की क्लिप?

सामुदायिक रेडिओवरचा एखादा भाग आवडला आणि तो पोरांच्या ग्रुपवर टाकायचा असला, की दोन रस्ते असतात. पूर्ण भागाची व्हिडिओ लिंक द्यायची, नाहीतर कामाचा तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ क्लिप सोडायची. ‘संध्याकाळी ९०.८ लावा रे’ हा निरोप आताशा फारसा चालत नाही. बऱ्याच नव्या फोनला वायरचा इअरफोन बसत नाही, आणि फोनमधल्या एफएमची अँटेना म्हणजे तीच वायर. त्यात सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॅटची मर्यादा. आवाज दहाएक किलोमीटर जातो. पिंपळगाव बसवंतहून नाशिकला कॉलेजला येणारा पोरगा त्या टापूत शिरेपर्यंत कार्यक्रम आटोपलेला असतो.

लिंकची बाजू लंगडी नाही. कार्यक्रम अख्खा मिळतो, केंद्राचं नाव राहतं, किती जणांनी ऐकलं ते केंद्राला कळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाशिकच्या रेडिओ विश्वास (९०.८) या सामुदायिक केंद्राने जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू केलं, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असा धडा पुन्हा पुन्हा, वही समोर घेऊन ऐकायचा असतो. तिथे मी डोळे झाकून लिंकच देईन.

पण माझं मन लिंकवरून उडालं ते मामेभावाच्या मळ्यात. द्राक्षाची विरळणी चालू होती. एक हात घडावर, दुसऱ्यात कात्री, फोन खिशात. लिंक लावून दिली की मिनिटाभरात स्क्रीन बंद, आणि स्क्रीनबरोबर आवाजही बंद. हात पुसा, फोन काढा, लॉक उघडा, मधली जाहिरात सोसा, पुन्हा खिशात. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोणी उघडत नाही, सरळ गाणी लावतात. पैसे भरले की ही कटकट टळते म्हणे, पण रेडिओ ऐकायला दरमहा पैसे कोण भरणार? सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत उभं राहून येणाऱ्या पोरांचंही रडगाणं हेच.

क्लिप खिशात वाजत राहते. एकदा उतरली की नेट लागत नाही. घाईतली मंडळी दीडपट वेगाने ऐकतात. चार मिनिटांचं नुसतं बोलणं मोनोमध्ये (एकाच चॅनलवर) ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटला, ठेवलं तर फाइल दोन एमबीच्या आत बसते.

तिचे दोष मात्र खरे आहेत. ग्रुपमधून उतरलेल्या फाइलचं नाव ‘एयूडी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि आकडे. आत द्राक्षाच्या केवडा रोगावरची फवारणी आहे की शिष्यवृत्तीची माहिती, नावावरून काही उमगत नाही. गेल्या हंगामातला औषधाचा सल्ला यंदा ताजा म्हणून फिरायला वेळ लागत नाही. म्हणून क्लिपच्या सुरुवातीलाच केंद्र, कार्यक्रम आणि प्रसारणाची तारीख बोलून जोडावी. फाइलचं नाव बदलतं, बोललेलं पुसलं जात नाही. सिनेमाची गाणी कापून टाका, त्यांचे हक्क केंद्राकडेही नसतात. आणि तुकडा पाडण्याआधी केंद्राला एक फोन करा. मला तरी आजवर नकार मिळालेला नाही.

तुमचा ग्रुप स्पर्धा परीक्षेवाल्यांचा असेल तर माझं ऐकू नका, त्यांना टेबल-खुर्ची असते. बाकीच्यांसाठी मी क्लिपकडेच झुकेन, आणि खाली एका ओळीत पूर्ण भागाची लिंक. ती उघडणारे थोडेच, पण जे उघडतात ते पुढच्या आठवड्यात ‘या वेळचा भाग कुठंय?’ म्हणून स्वतःहून विचारतात.