महिन्यात चावी म्हणाले, लागले साडेचार महिने

पुण्यात रिसेल टू बीएचके घेतला, एजंटकडून. फ्लॅट दाखवण्यात माणूस एक नंबर, तीन रविवारात घर फायनल, पण टोकन दिल्यावर फोन उचलायचं बंद! बँकेच्या वकिलाला ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) हवा, जुन्या मालकाचं लोन चालू म्हणजे ओरिजिनल पेपर त्यांच्या बँकेत, त्यात सोसायटीची एनओसी, सेक्रेटरी गावाला गेलेले, असं करत करत दिवाळी गेली. रजिस्ट्रेशन मात्र तासाभरात उरकलं. एक गोष्ट मात्र एजंटनेच सांगितली, बायकोच्या नावावर घेतल्याने स्टॅम्प ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के लागली, म्हणून दोन स्टार. भाड्याचं घर लगेच सोडू नका, आम्ही सोडलं आणि दोन महिने सासुरवाडीत काढले.