एकच यंत्र, कमाईच्या तीन वाटा: बेळगावच्या नवउद्योजकासाठी तुलनात्मक आढावा

बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील एखाद्या फाउंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) इंडक्शन भट्टीजवळ थोडा वेळ उभे राहिले, की वीज नेमकी कुठे वाया जाते ते दिसते. धातू ओतण्याच्या तापमानाला आलेला असतो, पण साचे तयार नसतात किंवा लॅडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) अजून तापलेली नसते. झाकण उघडेच राहते आणि तेवढा वेळ धातू नुसता गरम ठेवण्यासाठी युनिट जळत राहतात. एक टन लोखंड वितळवायला साधारणपणे ५५० ते ६५० युनिट लागतात. प्रत्येक हीटमागची (भट्टीतल्या एका वितळणीमागची) ही नोंद मालकाच्या मोबाइलवर पाठवणारे यंत्र दोघा-तिघा तरुण अभियंत्यांनी तयार केले आहे, असे धरू. टनामागे २० युनिट वाचले, युनिटचा दर ७ रुपये धरला आणि महिन्याला २०० टन धातू वितळत असला, तर मालकाचे महिना २८,००० रुपये वाचतात.

एवढ्यावरून यंत्र उपयोगाचे आहे हे कळते. कंपनी मात्र तीन वाटांनी कमावू शकते: यंत्र एकरकमी विकावे, मासिक शुल्कावर द्यावे, किंवा यंत्रातून जमा होणाऱ्या माहितीच्या आधारे फाउंड्रीला कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी मिळवून देऊन त्यावर कमिशन घ्यावे. सुरुवातीच्या टप्प्यात पैसे घालणारा गुंतवणूकदार या तिन्हींकडे फार वेगळ्या नजरेने पाहतो. पुढील हिशेबातील किमती समजण्यासाठी धरलेल्या आहेत.

यंत्राचा खर्च १८,००० आणि बसवण्याचा ४,००० रुपये, म्हणजे एकूण २२,००० रुपये. ते ४०,००० रुपयांना विकले तर प्रत्येकी १८,००० सुटतात आणि पन्नास यंत्रांमागे ९ लाख हाती येतात, अर्थात वसुली झाली तर. आपल्याकडे माल दिल्यावर पेमेंट दोन-तीन महिने अडकणे कोणाला नवे नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी: सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते, आणि प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मार्चअखेर, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट, जवळ आला, की या तरतुदीचा उपयोग होतो. एकरकमी विक्रीत गुंतवणूकदाराला खटकते ती गोष्ट दुसरीच आहे. दर एप्रिलला विक्रीची पाटी कोरी होते आणि देखभालीच्या वार्षिक करारातून येणारी रक्कम तुटपुंजी असते.

मासिक शुल्काचे गणित अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण बहुतेक तरुण इथेच भुलतात. महिना २,५०० रुपये घेतले आणि सिमकार्ड, सर्व्हर व सेवेचे ५०० वजा केले, तर २,००० उरतात. म्हणजे २२,००० वसूल व्हायला अकरा महिने जातात, आणि पन्नास फाउंड्रींसाठी ११ लाख रुपये आधी अडकवावे लागतात. त्यापुढचा सगळा नफा ग्राहक किती काळ टिकतो यावर अवलंबून आहे. दरमहा शंभरातले दोन ग्राहक सोडून जात असतील, तर सरासरी ग्राहक पन्नास महिने राहतो आणि खर्च जाऊन त्याच्यामागे ७८,००० रुपये मिळतात. हेच प्रमाण आठवर गेले, तर तो साडेबारा महिन्यांत जातो आणि हाती केवळ ३,००० रुपये लागतात. म्हणून जाणता गुंतवणूकदार किती यंत्रे बसवली हे नंतर विचारतो. सहा महिन्यांपूर्वी बसवलेल्यांपैकी आज किती सुपरवायझर रोज स्क्रीन उघडून पाहतात, हे आधी विचारतो. ती स्क्रीन मराठी आणि कन्नड दोन्हींत असणे, हेस्कॉम (उत्तर कर्नाटकातील वीज कंपनी) आणि महावितरण या दोन्हींच्या दररचनेप्रमाणे हिशेब देणे, या आपल्या सीमाभागातल्या माणसाला सहज सुचणाऱ्या गोष्टी ग्राहक टिकवून धरतात.

सीमेचा आणखी एक परिणाम करात दिसतो. बेळगावहून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्याला पहिलेच यंत्र विकले, तरी ती आंतरराज्य मालविक्री ठरते आणि ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीच्या मर्यादेचा आधार न मिळता जीएसटी नोंदणी करावीच लागते. कंपोझिशन योजनाही (लहान व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) अशा विक्रीला चालत नाही. यंत्र भाड्याने दिले तर ती सेवा होते आणि आंतरराज्य सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. तरीही नोंदणी करणेच शहाणपणाचे आहे, कारण कारखानदार कराचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) न देणारे बिल सहसा घेत नाही.

कमिशनची वाट कागदावर सर्वांत मोठी दिसते. पाच लाखांच्या ऑर्डरवर दोन टक्के म्हणजे १०,००० रुपये, आणि त्यासाठी यंत्रही फुकट देता येईल. पण माझे मत या वाटेच्या विरुद्ध आहे. पहिली ऑर्डर तुमच्यामार्फत होते, दुसरी फोनवर होते. बेळगाव ते कोल्हापूर या पट्ट्यात माल घेणारा आणि देणारा एकमेकांना एखाद्या लग्नात भेटलेले असतात. त्यांच्यामध्ये कायम उभे राहायला दलालाकडे काहीतरी जास्तीचे हवे, जसे की रिजेक्शनची (सदोष म्हणून परत आलेल्या मालाची) हमी किंवा बिलाचे पैसे आगाऊ देण्याची सोय. त्या दोन्हींना फार मोठे भांडवल लागते.

आता गुंतवणूकदाराचा स्वतःचा हिशेब. त्याने ५० लाख देऊन १० टक्के हिस्सा घेतला, तर कंपनीचे मूल्य ५ कोटी धरले गेले. गुंतवणुकीच्या पुढच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के नवा हिस्सा दिला, की त्याचे १० टक्के ६.४ वर येतात. दहा ठिकाणी घातलेल्या पैशांतील बरेचसे बुडणार हे गृहीत धरून तो इथे दहापट मागतो, म्हणजे ५ कोटी. त्यासाठी कंपनी ७८ कोटींची व्हावी लागते. वार्षिक उत्पन्नाच्या चौपट मूल्य मिळेल असे मानले, तरी साडेएकोणीस कोटींचे उत्पन्न, म्हणजे वर्षाला ३०,००० देणारी ६,५०० यंत्रे हवीत. बेळगाव, कोल्हापूर आणि इचलकरंजी मिळून एवढ्या भट्ट्या निघणार नाहीत. राजकोट आणि कोइमतूर या फाउंड्रींच्या शहरांत जावेच लागेल, तेथे गुजराती व तमिळ बोलणारी सेवेची माणसे ठेवावी लागतील.

ज्यांना हे करायचे नाही, त्यांनी गुंतवणूकदाराचा पैसा घेऊ नये; एकरकमी विक्री करावी आणि सीजीटीएमएसई या सरकारी पतहमी निधीच्या हमीवर बँकेचे विनातारण कर्ज काढावे. वर्षाला दीडशे यंत्रे विकणारी कंपनी उत्तम चालते, फक्त ती गुंतवणूकदाराच्या कामाची नसते. कर्नाटक सरकारच्या नवउद्योगांसाठीच्या एलिव्हेट योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते व त्यापोटी हिस्साही द्यावा लागत नाही, म्हणून दोन्ही प्रकारच्या कंपन्यांनी आधी तिकडे अर्ज करावा.

ज्यांना या पट्ट्याबाहेर व्यवसाय वाढवायचाच आहे, त्यांना मी मासिक शुल्कच सुचवीन, पण बसवतानाच १५,००० रुपये घेऊन आणि शुल्क १,८०० वर आणून. अडकणारी रक्कम प्रत्येकी ७,००० राहते, खर्च वजा जाता महिना १,३०० उरतात आणि साडेपाच महिन्यांच्या आत पैसे सुटतात. पन्नास यंत्रांसाठी ११ लाखांऐवजी साडेतीन लाख पुरतात. वर्षाचे उत्पन्न कमी दिसेल आणि गुंतवणूकदार त्यावर बोट ठेवील. त्याला ग्राहकांनी आधी मोजलेल्या पैशांच्या पावत्या दाखवाव्यात. करारात यंत्राची मालकी कंपनीकडे राहील आणि दोन महिने शुल्क थकल्यास यंत्र काढून नेता येईल, ही दोन कलमे मात्र वकिलाकडून नीट लिहून घ्यावीत.