लपलेला चोर आणि अदृश्य जादूगार: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमांचे परीक्षण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळाची खेळाडूंसाठीची २०२४ ची ३८४ पानी नियमपुस्तिका २०१४ च्या आवृत्तीपेक्षा बरीच सुबोध आहे, लपण्याचा नियम मात्र वाचायला सोपा आणि प्रत्यक्ष खेळात चालवायला अवघड झाला आहे.

जुन्या आवृत्तीत मंत्राने अदृश्य झालेला जादूगार दिसत नसे, पण आवाजावरून किंवा पावलांच्या ठशांवरून तो कुठे आहे हे कळू शकते, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. त्यामुळे शत्रूला त्याच्यावर वार करता येई, फक्त फासा डिसअॅडव्हांटेजने, म्हणजे दोनदा टाकून त्यातला कमी आकडा धरावा लागे. ठावठिकाणाही लपवायचा असेल तर जादूगाराला स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) फासा टाकून वेगळे लपावे लागे. भिंतीआड दबा धरून बसलेल्या चोराचे याच्या उलट असते. त्याच्या अंगावर जादू नसते आणि नजर वळली तर तो दिसतोच. तो तिथे आहे याचा कुणाला पत्ता नसणे, एवढेच त्याचे बळ.

नव्या नियमानुसार शत्रूच्या नजरेबाहेर, पुरेशा आडोशाला किंवा दाट अंधारात राहून स्टेल्थमध्ये किमान १५ मिळवले, की चोरालाही जादूगाराचीच ‘अदृश्य’ स्थिती मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ला, उच्चार करावा लागणारा मंत्र किंवा शत्रूने शोधून काढणे, यांपैकी काहीही घडले की ती संपते. दोघांचे फायदे एकाच जागी सापडतात, ही सोय मान्य करायला हवी. परंतु चोर आडोसा सोडून उजेडात आला तर शत्रूने त्याला शोधले असे धरायचे का, याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि आवाज व ठशांविषयीचे उपयुक्त वाक्यही नव्या व्याख्येतून गळाले आहे. शब्दशः अर्थ लावला, तर अदृश्य गोष्टी दाखवणारा दुसऱ्या पातळीचा मंत्र झुडपात बसलेल्या साध्या चोरालाही उघडा पाडतो, जे लेखकांना अभिप्रेत असेल असे वाटत नाही.

‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या भूमिकाखेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा प्रश्न अधिक नीट हाताळला आहे. तिथे दिसणारा, जागा माहीत असूनही न दिसणारा, जागाही माहीत नसलेला आणि अस्तित्वाचीच कल्पना नसलेला, अशा चार अवस्था आहेत. नोंदी जास्त ठेवाव्या लागतात, पण वाद कमी होतात.

पात्रांचे वर्ग आणि मंत्र यांच्या प्रकरणांसाठी २०२४ ची पुस्तिका जरूर घ्यावी. गटात चोर असेल तर उजेडात पाऊल टाकल्यावर काय होते, हे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पहिल्या सत्राआधीच ठरवून सांगावे.