सुतारकामाच्या हत्यारांसाठी पेटी की भिंतीवरचं कपाट?

रंधा, चार पटाश्या, दोन करवती, हातोडी, गुण्या, कानशी, गिरमिट एवढं जमलं की बादली पुरत नाही. मग पेटी करू की कपाट, हा प्रश्न बहुतेक जण ‘जास्त कशात मावेल’ असा विचारतात. मावतं दोन्हींत. माझ्याकडे आधी पेटी होती, आता कपाट आहे. दोन्ही वापरल्यावर माझी कसोटी एकच उरली आहे: काम संपल्यावर, दमलेलं असताना, हत्यार जागेवर ठेवायला किती खटपट पडते? काढताना आपण उत्साहात असतो. वाकतो, चार वस्तू बाजूला करतो. ठेवताना कुणी करत नाही.

पेटीची बाजू आधी मांडतो, कारण तिला हल्ली उगाच जुनाट म्हणतात. ज्याला हत्यारं घेऊन साइटवर जायचंय, त्याला पेटीच हवी. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तरी पेटीच. बनवायलाही ती सोपी. जपानी सुतारांच्या पेटीला तर बिजागरीसुद्धा नसते. झाकणाची फळी एका टोकाला आडव्या पट्टीखाली सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला लाकडी पाचर मारायची, झाली बंद. नवशिक्यालाही ती जमते.

घरात मात्र पेटीचं काय होतं ते सांगतो. झाकण म्हणजे सगळ्यांना रिकामं टेबल वाटतं. माझ्या पेटीवर आधी रद्दी आली, मग इस्त्रीचे कपडे, मग मखराचा खोका. एक पटाशी काढायची तर अर्धं घर हलवायचं आणि आतला वरचा ट्रे उचलायचा. शेवटी पटाश्या खिडकीच्या कट्ट्यावरच राहायला लागल्या आणि जुलैत त्यांच्यावर तांबूस गंज धरला. पेटीच करणार असाल तर खाली दोन पट्ट्या ठोका, म्हणजे पावसाळ्यात ओल्या फरशीला तळ टेकणार नाही.

भिंतीवरच्या कपाटात किती मावू शकतं, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्समधले पियानो-कारागीर हेन्री स्टडली (1838–1925) यांचं कपाट बंद असताना साधारण 40 इंच बाय 20 इंच, आणि आत सुमारे 300 हत्यारं. बघून डोळे दिपतात, पण नक्कल करू नका. प्रत्येक हत्याराला कोरून जागा दिली की पुढच्या वर्षी घेतलेल्या कानशीला घर उरत नाही.

आपल्याला पुरेसं माप म्हणजे 36 इंच उंच, 30 इंच रुंद, 8 इंच खोल, आणि दोन दारं. दारं सपाट न करता 3 इंच खोलीची चौकट देऊन करायची, म्हणजे गुण्या, पटाश्या, स्क्रू ड्रायव्हर दारातच टांगता येतात. उघडं कपाट 60 इंच पसरतं आणि सगळं एका नजरेत दिसतं. एखादी जागा रिकामी असेल तर लगेच खुपते. परत ठेवायची सवय मला त्या खुपण्यानं लागली. दारांवर वजन येत असल्यामुळे दोन सुट्या बिजागऱ्यांपेक्षा वरपासून खालपर्यंत एकच लांब पियानो बिजागरी लावावी.

माझी चूक इथं सांगतो. पटाश्यांसाठी मी फळीला नुसती भोकं पाडली. पटाशी वर उचलून काढायला सहा इंच मोकळे हवे होते आणि वरचा कप्पा चार इंचांवर! मग प्रत्येक भोकाच्या पुढून 8 मिमीची चीर कापली. आता पटाशी इंचभर उचलायची, पातं आडवं वळवायचं आणि चिरेतून पुढे ओढायची.

ड्रॉवरचं कपाट हा तिसरा पर्याय. ड्रिलची पाती, स्क्रू, छोट्या कानशी यांना उत्तम. रंध्याला आणि करवतीला नाही. शिवाय दर ड्रॉवरला चॅनेल, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या पट्ट्या, काटकोनात बसवणं हे पहिल्या प्रयत्नात अनेकांना रडवतं. पहिलं काम म्हणून करू नका.

लाकडाचा वाद सागवान की प्लाय असा रंगतो. बल्लारशा-आलापल्लीच्या सागवानाची सर प्लायला नाही, हे खरं. पण सागाची फळीसुद्धा पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून 15 इंचांचं दार सलग फळीचं न करता चौकट-दिल्ह्याचं, म्हणजे चौकटीच्या खाचेत सैल फळी बसवून, करावं लागतं. त्यासाठी हात बसलेला हवा. प्लायला ही भानगड नाही. वरच्या मापाचा सांगाडा आणि दारांच्या चौकटी 18 मिमीच्या अर्ध्या शीटमध्ये बसतात, फक्त कापायची आखणी आधी कागदावर करा. पाठ आणि दारांचे पृष्ठभाग 12 मिमीचे. भिंतीला ओल येत असेल तर आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, नको, पाणी लागलं की फुगतं आणि कडेला स्क्रू धरत नाही. पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी चौकटी मिळाल्या तर सोडू नका, मात्र रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

वजनाचा हिशेब राहिला. 18 मिमीची पूर्ण शीट साधारण 35 किलो भरते. म्हणजे रिकामं कपाट 25 किलोच्या आसपास, त्यात हत्यारं 25 किलो धरा. हे पन्नास किलो टांगायला मी पाठीला दोन स्क्रू मारत नाही. 18 मिमीची पट्टी लांबीत 45 अंशांत चिरायची, एक अर्धी भिंतीला, दुसरी उलटी करून कपाटाला. कपाट आपसूक अडकतं, आणि खाली तेवढ्याच जाडीची पट्टी दिली की मागे हवा खेळते, ओल लाकडापर्यंत पोचत नाही.

हे सगळं भिंत कसली आहे त्यावर ठरतं, म्हणून प्लाय आणण्याआधी एक भोक पाडून बघा. लाल भुगा आला तर वीट, 10 मिमीचे चांगले प्लग चालतील. ड्रिल कुरकुरत अडलं तर काँक्रीट, हॅमर ड्रिल लागेल. पांढरट पीठ भसाभसा आलं तर ती हलक्या ब्लॉकची भिंत. तिथं साधा प्लग चुरा करून सैल होतो. त्या ब्लॉकसाठीचे खास प्लग मिळत नसतील, किंवा आरपार बोल्ट मारून पलीकडे पत्र्याची पट्टी देणं शक्य नसेल, तर कपाट टांगू नका, पायांवर उभं करा.